रोज बावीस अक्षरं

चर्चमधल्या उपासनेसाठी गीत लिहावंसं वाटतं, पण सुरुवात होत नाही? अख्खं गीत मनातून काढून टाका. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून एक शंभर पानी वही आणा आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्या अभंगाचं एकच कडवं लिहा. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. एकूण बावीस. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात गायली, म्हणून हा साचा आपल्या मंडळीच्या कानाला ओळखीचा आहे.

खोडलेल्या ओळी फाडू नका; खाली तारीख घाला. महिन्याने त्यातलीच एखादी ओळ उपयोगी पडते, हा माझा अनुभव. जमलेलं कडवं आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना गाऊन दाखवा. गाताना श्वास कुठे अडतो, ते लगेच कळतं. मोबाईलवर टाकायची घाई मात्र नको, कोवळ्या रोपाला दुपारचं ऊन सोसत नाही.

आणि वेळ लागला तर खचू नका. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्यात कितीतरी वर्षं गेली. त्या १९२२ मध्ये वारल्या; ग्रंथ छापून आला १९२४ मध्ये.