मित्रांबरोबर सायकलवर लांब जाताय? मुंबईतून निघताना या चुका टाळा

ग्रुपने केलेली लांबची राइड फसते ती बहुतेक वेळा सायकलीमुळे फसत नाही. उत्तम सायकली घेऊन निघालेले सहा जण पनवेल यायच्या आत विखुरतात. दोघे पुढे दिसेनासे झालेले, दोघे टपरीवर वाट बघून वैतागलेले आणि उरलेले दोघे कुठेतरी मागे. याचं कारण असं की निघण्याआधी तीन गोष्टी बोललेल्याच नसतात: वेग कोणाचा धरायचा, थांबायचं कुठे आणि एखाद्याला जमेनासं झालं तर काय करायचं. माझं ठाम मत आहे की मित्रांची राइड सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या दमावरच आखली पाहिजे. हे एकदा मान्य केलं की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

पुढच्याने वेग ठरवणं

पहाटे सायन-पनवेल हायवे त्यातल्या त्यात मोकळा असतो, हवा गार असते, पाय ताजे असतात. सगळ्यात तयारीचा गडी ताशी तीसच्या वेगाने सुटतो आणि बाकीचे "जमतंय की" म्हणत त्याला चिकटतात. खोपोली येईपर्यंत या पहिल्या तासाची वसुली होते. मांड्या भरून येतात, चढ दिसला की जीव नको होतो.

मागच्याला "ठीक आहेस ना?" असं विचारून काही कळत नाही. तो "चल रे तू, येतोय मी" असंच म्हणणार. चार मित्रांसमोर दमलो म्हणायला जीभ रेटत नाही. त्यापेक्षा गप्पांवर लक्ष ठेवा. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर सगळ्यांना बोलत बोलत चालवता आलं पाहिजे. मागून उत्तरं एका शब्दात यायला लागली की वेग कमी करायची वेळ झाली.

हळू चालवणाऱ्याला शेवटी ठेवू नका, दुसऱ्या नंबरवर घ्या. पुढचा वारा तोडतो, त्यामुळे त्याच्या मागच्याचे बरेच कष्ट वाचतात. शिवाय पुढच्याला त्याचा श्वास ऐकू येतो, म्हणजे वेग आपोआप बेतात राहतो. शेवटच्या जागी असा माणूस हवा ज्याला पंक्चर काढता येतं आणि जो कोणालाही मागे सोडून पुढे जाणार नाही. घाटात मात्र प्रत्येकाने आपापल्या लयीत चढावं. दुसऱ्याच्या वेगाने घाट चढणं ही स्वतःला दिलेली शिक्षा आहे. आधीच ठरलेल्या जागी सगळ्यांनी एकत्र यावं. बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ त्यासाठी छान. घाटाची वाट इंग्रजांना ज्याने दाखवली असं सांगतात, त्या धनगराचं हे देऊळ. तिथे दोन मिनिटं टेकावं, हात जोडावेत, पाणी प्यावं आणि पुढे निघावं.

वेळेचा हिशेबही असाच चुकतो. "वीसचा वेग, शंभर किलोमीटर, म्हणजे पाच तास" असं गणित करून दुपारी एकला घरी जेवायला येतो म्हणून सांगू नका. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या राइडमध्ये, २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात. म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी १५ किलोमीटरही भरत नाही, आणि तिथे तयारीची माणसं असतात. मित्रांच्या ग्रुपसाठी थांब्यांसकट ताशी १४-१५ धरलं तर कोणाची ओढाताण होत नाही.

नकाशावर रेघ ओढून रस्ता ठरवणं

फोनवरचा नकाशा गाडीसाठी रस्ता दाखवतो, हे लक्षात न राहिल्याने ग्रुपचे ग्रुप चुकीच्या रॅम्पपाशी जाऊन उभे राहतात. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि पुण्याचा एक्स्प्रेसवे यांवर सायकल चालत नाही. लोणावळ्याला जायचं तर जुना हायवे. अलिबागला जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) सोयीची, कारण तिच्यात सायकल सरळ ढकलत नेता येते. मोरा आणि रेवसच्या लाँचही आहेत, पण तिकडे धक्क्यापाशी गाळ असल्याने मोठ्या ओहोटीला वेळापत्रक कोलमडतं. आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. उत्तरेकडे मार्वेहून मनोरीला तरीने जाऊन उत्तनमार्गे भाईंदर गाठणं ही नवख्यांसाठी सगळ्यात सुंदर राइड आहे. ट्रकची वर्दळ नाही, अंतर बेताचं आणि समुद्र सोबतीला.

परतीचं ऊन आणि वारा न धरणं

मुंबईत उन्हापेक्षा दमटपणा जास्त छळतो. घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि तेवढाच वेग ठेवायला हृदयाला जास्त धावावं लागतं. त्यात दुपार झाली की समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो. खोपोलीहून किंवा कर्नाळ्याहून परतणाऱ्यांचं तोंड पनवेलनंतर नेमकं त्याच दिशेला असतं. वाशीच्या खाडीपुलावर दुपारी पाय मारूनही सायकल पुढे सरकत नाही असं वाटतं, ते यामुळेच. पाय संपले म्हणून घाबरू नका, एक गियर हलका करा आणि एकामागे एक लागा. पुढच्या माणसाने दर काही मिनिटांनी बाजूला होऊन मागे जावं.

खरा उपाय लवकर निघण्याचा. पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो, म्हणजे पाचला निघालात तर दोन तास अंधार. मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर असलेलं जॅकेट नसेल त्याला उजाडेपर्यंत घेऊन जाऊ नका, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

भूक लागल्यावर खाणं

शरीरातला साखरेचा साठा जोरात चालवताना दीड-दोन तास पुरतो. तो संपला की माणूस एकदम गळतो. हातपाय थरथरतात, चिडचिड होते, समोरचा छोटा फ्लायओव्हरही घाटासारखा वाटतो. एवढं झाल्यावर खाल्लं तरी सावरायला बराच वेळ जातो. म्हणून पाऊण तास झाला की खायला सुरुवात करा आणि पुढे दर अर्ध्या तासाला थोडं थोडं पोटात जाऊ द्या. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. दोन वेलची केळी आणि राजगिऱ्याची एक चिक्की, किंवा चार-पाच खजूर आणि एक केळं, एवढ्यात काम होतं. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलेलं खाणं कोणी काढून खात नाही, ते जर्सीच्या खिशातच हवं.

वडापाव आणि मिसळीशिवाय आपली राइड पूर्ण होत नाही, आणि होऊही नये. फक्त ते घाट उतरल्यावर किंवा परतीच्या सपाट रस्त्यावर खा. तेलकट खाऊन लगेच चढायला लागलं की मळमळतं. नाश्त्याला तासभर बसणंही टाळा. पाय आखडतात आणि तोवर ऊन वर येतं.

पाण्याबाबत दोन्ही टोकाच्या चुका होतात. काहीजण पीतच नाहीत, आणि काहीजण बाटल्यांमागून बाटल्या नुसतं पाणी रिचवतात. घामातून मीठही जातं. नुसत्या पाण्याने रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, मग डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजल्यासारखी वाटतात. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस असं ठेवा. पाकीट मेडिकलमधून घ्या आणि त्यावर लिहिलेल्या मापानेच कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वाटेतलं कोकम सरबत आणि लिंबूपाणीही चांगलं, मीठ घालून मागा. वांब आले तर सायकलवरून उतरा, पाय सरळ करून बोटं स्वतःकडे ओढा, आणि पुढे निघताना हलक्या गियरवर चालवा.

पंक्चर काढलं, पण कारण काढलं नाही

दहा मिनिटांत तेच चाक पुन्हा बसतं, तेव्हा सगळे ट्यूबला नावं ठेवतात. खरं तर पहिल्याच वेळी टायर तपासलेला नसतो. हायवेच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरांमधल्या केसाएवढ्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. म्हणून ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती ते लक्षात ठेवा, व्हॉल्व्हची खूण धरा. ट्यूबमध्ये हवा भरून छिद्र शोधा, मग ट्यूब टायरशेजारी धरून तीच जागा आतून बघा. बोटाचं टोक अगदी हलकेच फिरवा, घाईने फिरवलंत तर बोट कापेल. काहीतरी टोचलं की टायर बाहेरच्या बाजूने दाबून तार वर आणा आणि नखाने किंवा चिमट्याने उपसा. नंतर पूर्ण टायरवरून एक फेरी मारा, कारण तारा जोडीनेही असतात.

छिद्र कुठे आहे यावरून बरंच कळतं. शेजारी शेजारी दोन छिद्रं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. छिद्र रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप, म्हणजे रिमवरची आतली पट्टी, सरकली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर पंप लावताना हिसका बसला. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. २८ मिलिमीटरच्या टायरला सत्तरएक किलोच्या माणसासाठी ७० ते ८५ पीएसआय ठीक, हायब्रिडच्या रुंद टायरला ५०-६०.

ग्रुपमध्ये एक ट्यूब पुरेल हा समज सोडा. कोणाचं चाक २६ इंची, कोणाचं ७००सी, एकाची दुसऱ्याला बसत नाही. प्रत्येकाने आपली ट्यूब आणि टायर लीव्हर जवळ ठेवावेत, पंप दोघांकडे असला तरी चालेल. रोड बाइकचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असेल तर हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याला लागत नाही. छोटा पितळी अडॅप्टर सोबत ठेवा. आणि तिथे हवा भरताना डोळे प्रेशरवरच असू द्या, ट्रकच्या जोराने सायकलची ट्यूब क्षणात फुटते.

दुखणं कुठे आहे ते बघा

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पॅडल खाली गेल्यावर गुडघ्यात थोडासाच वाक राहिला पाहिजे. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरचाच करा. बोटांना मुंग्या येत असतील तर हँडलवर भार जास्त पडतोय. हाताची जागा सतत बदला, कोपरं सैल सोडा. जड गियरवर रेटत बसण्यापेक्षा हलक्या गियरवर मिनिटाला ऐंशीएक फेऱ्या मारल्या तर गुडघे टिकतात. नवी सीट, नवे बूट लांबच्या राइडच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

हायवेवर जोडीने चालवणं

गप्पांच्या नादात दोघे-दोघे शेजारी चालतात आणि मागून कंटेनर येतो. हायवेवर एकच रांग, त्यात तडजोड नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक येऊ देऊ नका. तो खड्डा चुकवायला जरा सरकला तरी चाकाला चाक घासतं, आणि पडतो तो मागचा. पुढच्याने "खड्डा!" "ब्रेक!" असं ओरडायचं आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. फ्लायओव्हरचे जोड आणि गटाराच्या जाळ्या काटकोनातच ओलांडा. थांबायचं असेल तर पूर्ण रस्त्याबाहेर.

घाट उतरताना दोन सायकलींमध्ये भरपूर अंतर ठेवा. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबा, वळणात नाही. ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम तापते, त्यापेक्षा दाबा-सोडा करत या. वळणांवर ट्रकचं तेल सांडलेलं असतं, पहिल्या पावसात तर ते सगळीकडे पसरतं.

दमलेल्याला एकट्याने परत पाठवणं

"तू हो मागे, आम्ही जाऊन येतो" हे वाक्य ग्रुपमध्ये नसावं. ज्याला जमत नाही त्याच्यासोबत एकजण थांबलाच पाहिजे. सायकल टाकून न्यायला छोटा टेम्पो पनवेल, खोपोलीसारख्या ठिकाणी विचारल्यावर मिळतो. त्याचं भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं हे निघण्याआधीच ठरवा, म्हणजे दमलेला माणूस पैशाच्या संकोचाने ओढत राहत नाही. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तोल जातोय किंवा अंग तापून कोरडं पडलंय असं दिसलं, तर ती नुसती दमणूक नाही. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, मान आणि काखेत पाणी ओता, वारा घाला आणि १०८ वर फोन करा. फोन करणाऱ्याला जागा नीट सांगता यावी म्हणून शेवटचा किलोमीटरचा दगड कोणता गेला हे कोणीतरी बघत असावं.