डी अँझाला नाव घालण्याआधी

दरवर्षी ऑगस्ट लागला की मला फोन येऊ लागतात. बरेचसे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल-कुपर्टिनोत नव्याने आलेल्या मुलींचे असतात. "ताई, घरात बसून जीव रमत नाही, कम्युनिटी कॉलेजला जाऊ का?" मधूनच एखाद्या आईचा येतो. मुलाला हवी ती युनिव्हर्सिटी मिळालेली नसते आणि "आता डी अँझालाच घालायचं म्हणजे..." असं म्हणून त्या गप्प होतात. दोघींनाही पुरेल असं इथे लिहिते आहे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं स्वस्त सरकारी कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं. डी अँझा त्यातलंच एक.

मी स्वतः एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायको-मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर आले, ऑक्टोबर २०१६ मध्ये, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. घेऊन. एच-४ वर असताना शिकायला वेगळा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा लागत नाही, हे मला इथे आल्यावर कळलं. कुपर्टिनोचं डी अँझा कॉलेज घरापासून बसने जवळ. १९६७ साली सुरू झालेलं, शेजारच्या फूटहिल कॉलेजबरोबर एकाच कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये. कॅलिफोर्नियात अशी ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. वय १८ पूर्ण असेल किंवा हायस्कूल झालेलं असेल तर प्रवेश मिळतो. मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही. अकरावीच्या प्रवेशफेऱ्यांतून गेलेल्या माणसाला हे खोटंच वाटतं.

फीचा प्रश्न मात्र आधी सोडवा. इथे प्रत्येक विषयाचं वजन युनिटांत मोजतात आणि फीही युनिटांवर ठरते. क्वार्टर म्हणजे डी अँझातलं एक सत्र. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला डी अँझात एका क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात. चार वर्षांच्या डिग्रीतली पहिली दोन वर्षं म्हणजे ९० क्वार्टर युनिट धरली तर २,७९० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. रहिवासी नसाल तर हाच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. रहिवासी ठरायला टर्म सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदांनी दाखवावं लागतं. एच-४ वाल्यांना हे करता येतं, एफ-१ वाल्यांना नाही. २०१७ चं फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालं आणि माझं वर्ष भरायला दहा-बारा दिवस कमी पडले. मी जानेवारीपर्यंत थांबले. नव्याने आलेल्या प्रत्येकीला म्हणून सांगते: आल्या आल्या ड्रायव्हिंग लायसन्स काढा, बँकेच्या खात्यावर स्वतःचं नाव घाला, टॅक्स रिटर्नची प्रत जपून ठेवा. इराद्याचा पुरावासुद्धा वर्षभर जुना लागतो. शिकायचं ठरेल तेव्हा ठरेल, कागद आत्तापासून तयार असू द्या.

आता जिथे मी चुकले ते. मला सीपीए, म्हणजे आपल्या सीएसारखी इथली परीक्षा, करायचं होतं. माझ्या वेळी कॅलिफोर्नियाच्या अकाउन्टन्सी बोर्डाला परीक्षेसाठी डिग्रीशिवाय २४ सेमिस्टर युनिट अकाउंटिंगची आणि २४ व्यवसायाशी संबंधित विषयांची लागत होती. बी.कॉम.चं मूल्यांकन करून घेतलं, त्यातली काही धरली गेली आणि अकाउंटिंगची राहिलेली डी अँझात पुरी करायची असं मी ठरवलं. मात्र डी अँझात क्वार्टर चालतात, सेमिस्टर नाही. एक क्वार्टर युनिट म्हणजे सेमिस्टर युनिटचा दोन-तृतीयांश. पाच युनिटांचा एक विषय पाच धरून मी वहीत बेरीज मांडत गेले. पाच विषय झाले, २५ युनिट झाली, असं मी समजत होते. प्रत्यक्षात ती साडेसोळाच्या जरा वर होती. कॉलेजात कोर्स ठरवायला मदत करणाऱ्या काउन्सेलरबाईंनी माझी वही हातात घेतली, बाजूला दुसरा रकाना आखला आणि प्रत्येक आकडा दोनाने गुणून तिनाने भागत गेल्या. मी बघत बसले. वर्षभराच्या आखणीत एक अख्खं क्वार्टर वाढलं. त्या दिवसापासून कुणीही विचारलं की मी पहिला प्रश्न करते, "तुला शेवटी पोहोचायचं कुठे आहे, आणि तिथले लोक युनिट कशात मोजतात?" तिकडून उलटं मोजत आलं की इकडे कुठला वर्ग घ्यायचा ते आपोआप ठरतं.

यूसीला, म्हणजे वेगवेगळ्या शहरांत कॅम्पस असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, दोन वर्षांनी ट्रान्सफर घ्यायची असेल त्या मुलांना तर हे दुप्पट लागू आहे. असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. तिच्यावर आपलं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि विषय निवडला की इथला कुठला कोर्स तिथे कशाच्या बदली चालतो ते दिसतं. पहिल्या आठवड्यात तिचा छापील कागद काढून भिंतीला लावा. एकाच नावाचा कोर्स एका कॅम्पसला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही, असं नेहमी होतं. टॅग म्हणून एक हमीची योजना आहे: ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) असेल तर जागा नक्की. ती सहा कॅम्पसना आहे: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतं, सप्टेंबर महिन्यात, आणि प्रत्येक विषयाला ते लागू असेलच असं नाही. बर्कलीला टॅग नाही म्हणजे बर्कली बंद, असं मात्र समजू नका. नेहमीचा ट्रान्सफर अर्ज तिथेही करता येतो आणि दरवर्षी मुलं जातात.

मुलगा एच-४ वर असेल तर आणखी एक तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा: त्याचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी एच-४ संपतो. एफ-१ वर जावं लागलं तर फीचा हिशेबही बदलतो आणि दर टर्मला किमान १२ युनिट घेणं बंधनकारक होतं. दोन वर्षं इथे आणि दोन तिथे अशी आखणी करताना हा वाढदिवस मध्ये कुठे येतो ते आधी बघा.

वर्गात पाऊल टाकल्यावरचं जग आपल्या ओळखीचं नसतं. क्वार्टर बारा आठवड्यांचं, त्यात शेवटचा आठवडा परीक्षेचा. पाचव्या आठवड्यात मिडटर्म येते. आपण वर्षाच्या शेवटी गाईड उघडून, तीन आठवडे जागून पेपर देणारी माणसं. इथे दर शुक्रवारी क्विझ, दर आठवड्याला गृहपाठ आणि सगळ्याचे गुण शेवटच्या ग्रेडमध्ये. सिलॅबस म्हणजे इथे नुसती धड्यांची यादी नसते. उशिरा दिलं तर किती गुण कापणार, किती दांड्या चालणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि ते तसंच पाळलं जातं. पहिल्या क्वार्टरला मी तीन विषय घेतले, लेक दोन वर्षांची असताना. स्टॅटिस्टिक्स झेपत नव्हतं. पहिल्या दोन आठवड्यांत विषय सोडला तर नोंदीत काहीच राहत नाही, त्यानंतर सोडला तर नोंदीत डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, लागतो. मी चौथ्या आठवड्यात सोडला. डब्ल्यूने आभाळ कोसळत नाही, पण तोही एक प्रयत्न म्हणून मोजला जातो आणि एका विषयाला साधारण तीनच प्रयत्न मिळतात. घर आणि लहान मूल सांभाळून पहिल्यांदा जाणार असाल तर एक विषय घ्या, फार तर दोन.

हवा तो वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टला नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. पहिल्या आठवड्यात नाव घातलेली मुलंही न येण्याने गळतात, आणि शिक्षक हजर असलेल्यांना वर्गात नाव घालायचा अ‍ॅड कोड देतात. मला दोनदा असाच वर्ग मिळाला. मेसेजची वाट बघत घरी थांबलेली माझी मैत्रीण राहून गेली. वेळापत्रकात पुस्तकांचा खर्च नसलेल्या वर्गांपुढे खूण असते, तीही बघून घ्या.

ऑफिस अवर म्हणजे काय ते समजायला मला दोन क्वार्टर गेली. शिक्षक ठरलेल्या वेळी दार उघडं ठेवून बसलेले असतात आणि कुणी आलं नाही तर एकटेच बसून राहतात. आपल्याला वाटतं, सरांना कशाला त्रास द्यायचा, आपला प्रश्न फार साधा आहे. शेवटी मी डेफर्ड टॅक्सचा प्रश्न घेऊन गेले, तर बाईंनी अर्धा तास फळ्यावर समजावलं आणि निघताना माझं नाव नीट कसं उच्चारायचं ते दोनदा विचारून घेतलं. पुढे शिफारसपत्र लिहायला त्याच होत्या. ट्रान्सफर किंवा नोकरीसाठी पत्र लागणार असेल तर निदान एका शिक्षकाला तुमचा चेहरा आणि काम दोन्ही ओळखीचं हवं. चाळीस जणांच्या वर्गात मागच्या बाकावरून ते होत नाही.

एक गोष्ट मुलांच्या आयांसाठी. कॉलेजच्या आवारात वसतिगृह नाही. तास संपला की पार्किंग रिकामं होतं. फर्ग्युसनच्या किंवा रुईयाच्या कट्ट्यावरची मैत्री मनात धरून पोरगं गेलं तर पहिला महिना फार एकटा जातो. गाडी नसेल तर व्हीटीए या इथल्या बससेवेच्या २३ आणि ५२३ क्रमांकाच्या बस कॉलेजपर्यंत येतात. त्याला सांगा, दोन तासांच्या मधला वेळ गाडीत काढू नकोस. लायब्ररीत किंवा एटीसी इमारतीतल्या स्टुडंट सक्सेस सेंटरमध्ये बस. शिकवणी तिथे फुकट असते आणि अभ्यासाचे गटही तिथेच जमतात. माझ्या गटात शाळेत असतानाच कॉलेजचे वर्ग घेणारा सोळा वर्षांचा मुलगा होता, दिवसा नर्सरीत काम करणारी मेक्सिकन बाई होती आणि नोकरी गेल्यावर साठीच्या जवळ पुन्हा शिकायला आलेले एक इंजिनिअर होते. ऑडिटचा पेपर आम्ही चौघांनी मिळून सोडवून सोडवून पक्का केला. मंडळाच्या गणपतीत कुणी "मुलगा कुठे असतो?" विचारलं तर कॉलेजचं नाव मोठ्याने सांगा, तो शेजारी उभा राहून ऐकत असतो.

काउन्सेलरची वेळ रजिस्ट्रेशनच्या आठवड्यात मिळणं कठीण. क्वार्टरच्या मधल्या शांत आठवड्यांत घ्या. जाताना जुन्या मार्कशीटा, मूल्यांकनाचा अहवाल आणि असिस्टचा कागद बरोबर न्या, आणि युनिटांचे दोन रकाने घरीच आखून न्या.