एमसीपी ४१०१० ने आवाज नियंत्रित करताना: एसपीआय सोपे, खरी अडचण ग्राउंडची

एमसीपी ४१०१० ही आठ पायांची चिप म्हणजे १० किलोओहमचा, २५६ पायऱ्यांचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे बदलता रेझिस्टर. फरक इतकाच की त्याचा वायपर (सरकता मधला संपर्क) बोटांऐवजी मायक्रोकंट्रोलर एसपीआय बसवरून, म्हणजे चिपना आदेश पाठवण्याच्या काही तारांच्या जोडणीवरून, सरकवतो. आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरून मायक्रोफोन प्रीअँपचा (मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटचा) आवाज या चिपने कसा नियंत्रित करावा, ते येथे देत आहे.

चिपचा पाय १ (चिप सिलेक्ट) उनोच्या १० क्रमांकाला, पाय २ (क्लॉक) १३ ला, पाय ३ (डेटा) ११ ला, पाय ४ ग्राउंडला (शून्य व्होल्टला) आणि पाय ८ पाच व्होल्टला जोडावा. पाय ८ ला अगदी चिकटून ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. उनो रीसेट होत असताना चिप सिलेक्ट अधांतरी राहू नये, म्हणून पाय १ वरून पाच व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर द्यावा.

आदेश दोन बाइटचा असतो. चिप सिलेक्ट खाली (शून्य व्होल्टवर) आणावा, आधी १७ (हेक्समध्ये ११) आणि लगेच ० ते २५५ मधील हवी ती किंमत पाठवावी, मग चिप सिलेक्ट वर (पाच व्होल्टवर) न्यावा. दोन बाइटच्या मध्ये तो वर नेऊ नये, कारण क्लॉकचे १६ ठोके पूर्ण झाले नाहीत तर चिप तो आदेश सोडून देते. चाचणीसाठी पाय ५ पाच व्होल्टला व पाय ७ ग्राउंडला जोडून पाय ६ वर, म्हणजे वायपरवर, मल्टिमीटर लावावा. ६४ पाठवल्यावर १.२५ आणि १२८ ला २.५० व्होल्टच्या आसपास वाचन आले की बसचे काम संपले.

येथून पुढे मात्र सावकाश वाचावे. पाय ७ ग्राउंडला, पाय ५ ला सिग्नल आणि पाय ६ वरून आउटपुट, अशी साध्या पोटेन्शिओमीटरसारखी जोडणी अनेक ठिकाणी सुचवलेली आढळते. ऑडिओसाठी ती चुकीची आहे. या चिपच्या पाय ५, ६ आणि ७ वरचा व्होल्टेज ग्राउंडच्या खाली किंवा पाच व्होल्टच्या वर जाता कामा नये, आणि ऑडिओ सिग्नल तर शून्याच्या दोन्ही बाजूंना झुलतो. तो सुमारे अर्धा व्होल्ट ऋण झाला की चिपमधील संरक्षक डायोड वाहू लागतो आणि लाटेचा खालचा भाग कापला जातो. हळू बोलले तर आवाज स्वच्छ आणि मोठ्याने बोलले की फाटका, असा अनुभव आल्यामुळे मी दोन आठवडे प्रोग्रॅममध्येच चूक शोधत राहिलो. ऑसिलोस्कोपवर लाटेची वरची बाजू गोल आणि खालची सपाट दिसली, तेव्हा कारण कळले.

उपाय असा: पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ लावून मधल्या बिंदूवर २.५ व्होल्ट मिळवावे आणि तेथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. पाय ७ ग्राउंडला न जोडता या बिंदूला जोडावा. सिग्नल १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, त्याचे धन टोक चिपकडे ठेवून, पाय ५ ला द्यावा. आता सिग्नल २.५ व्होल्टभोवती झुलतो, आणि पाय ५ व ७ यांच्यात डीसी फरक उरत नसल्याने पायरी बदलताना येणारी टिकटिकही खूप कमी होते.

पाय ६ वरून थेट हेडफोन चालवू नये, कारण वायपरची मर्यादा १ मिलिअँपिअर आहे. पाच व्होल्टवर चालणारा, रेल-टू-रेल प्रकारचा (आउटपुट जवळजवळ शून्य ते पाच व्होल्टपर्यंत जाणारा) एमसीपी ६००२ सारखा ऑप-अँप (अँप्लिफायर चिप) बफर म्हणून, म्हणजे वायपरवर भार न टाकता सिग्नल पुढे देण्यासाठी, लावावा आणि त्याच्यापुढे पुन्हा कपॅसिटर द्यावा. चिपची वीज बंद असताना सिग्नल चालू ठेवू नये, नाही तर त्याच डायोडमधून चिप अर्धवट जागी होते.

चिपला स्मृती नसल्याने वीज आल्यावर वायपर दर वेळी मध्यावर, १२८ वर असतो. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच हवी ती किंमत पाठवावी. १२८ वर सिग्नल निम्मा, म्हणजे फक्त ६ डेसिबल खाली असतो आणि कानाला तो फरक थोडाच जाणवतो. त्यामुळे किंमत एकेकाने न बदलता २५५, १८१, १२८, ९०, ६४, ४५, ३२, २३, १६ असा सुमारे ३ डेसिबलच्या टप्प्यांचा तक्ता प्रोग्रॅममध्ये ठेवावा आणि बटणाच्या प्रत्येक दाबाला त्यातील पुढची किंवा मागची किंमत पाठवावी.