जुन्या एमजीबीचं बॉनेट लॉक त्रास देतंय? आधी पिन फिरवू नका

एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणि तिचं बॉनेट एकदा तरी अडकलं नाही असा मालक मी अजून पाहिलेला नाही. गाडी 1962 ते 1980 एवढी वर्षं बनली, म्हणजे सगळ्यात नवीन गाडीचं लॉकसुद्धा आज चाळीशी पार केलेलं आहे, त्यामुळे ते कुरकुरणारच. पण बहुतेक लोक पहिल्यांदा पिनची (बॉनेटच्या खालचा खुंटा, जो लॉकमध्ये अडकतो) उंची फिरवायला जातात आणि तिथेच घोळ वाढतो. मीही तेच केलं होतं आणि मग बॉनेट बंद ते बंदच, दोन तास गेले उघडण्यात.

आत्ता बॉनेट अडकलेलंच असेल तर आधी ते उघडू. एकाने आत बसून बॉनेट उघडायचा नॉब ओढून धरायचा आणि दुसऱ्याने बॉनेटच्या पुढच्या कडेला, बरोबर लॉकच्या वर, उघड्या तळव्याने खाली दाबायचं आणि सोडायचं. पिनवरच्या जाड स्प्रिंगचा जोर लॉकमधल्या, पिन पकडून ठेवणाऱ्या सरकपट्टीवर येतो म्हणून ती हलत नाही, दाबलं की जोर कमी होतो आणि पट्टी सुटते. बुक्की मारू नका, बोटांनी तर अजिबात दाबू नका, सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, त्याला लगेच खड्डा पडतो. नॉब हातात आला आणि तार आतच तुटली असेल तर उरलेलं टोक ग्रिप प्लायरमध्ये घट्ट पकडून सरळ रेषेत ओढा, तिरकं नको. तार लॉकच्या बाजूलाच सुटली असेल तर मात्र इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, गाडी नीट स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरायचं नाही) आणि खालून टॉर्च मारत वाकवलेल्या सळईने ती पट्टी ओढायची. वेळ लागतो पण होतं.

उघडलं? आता ते परत बंद करू नका, सगळं काम होईपर्यंत.

पहिलं काम साफसफाई. लॉकच्या प्लेटमध्ये जुनं ग्रीस धुळीत मिसळून डांबरासारखं झालेलं असतं. केरोसीन आणि जुना टूथब्रश घेऊन सगळं धुवून काढा, पट्टी बोटाने सरकवून बघा, सोडली की स्वतःच्या स्प्रिंगने खटकन मागे आली पाहिजे. नसेल येत तर स्प्रिंग ढिली झाली आहे, बदला. मग थोडंसं नवीन ग्रीस, थोडंसंच. नुसता स्प्रे मारून भागत नाही, तो काही दिवसांत उडून जातो आणि परत तेच.

दुसरं केबल, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त त्रास इथेच असतो. कोणाला तरी नॉब ओढायला सांगा आणि तुम्ही पुढे उभे राहून बघा, पट्टी सरकून पिनचं भोक पूर्ण मोकळं होतंय का. अर्धवट होत असेल तर केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमधून सरकतंय का बघा, कारण आवरणच हललं तर ओढलेलं सगळं तिथेच वाया जातं. आतली तार लॉकजवळच्या स्क्रूमध्ये नीट आवळलेली हवी, आणि नॉब पूर्ण आत असताना तारेत 2-3 मिलिमीटर ढील ठेवा. तार एकदम ताणून बांधली तर पट्टी पूर्ण मागे येत नाही, पिन अर्धवटच पकडली जाते आणि चालत्या गाडीत बॉनेट उसळतं. गंजलेली किंवा कुठे मुडपलेली तार सरळ करत बसू नका, नवीन टाका.

आता पिन. हात लावायच्या आधी सगळ्या नटबोल्टांच्या जागा मार्करने आखून ठेवा. पिनच्या टोकाला थोडं ग्रीस फासा, बॉनेट हळूच पिन लॉकला टेकेपर्यंतच खाली आणा, दाबू नका, आणि परत उचलून बघा की खाली ग्रीस कुठे लागलं. भोकाच्या एका बाजूला लागलं तर लॉकचे बोल्ट ढिले करून त्या बाजूला सरकवा. बॉनेटच्या कडेचा गॅपच वाकडातिकडा असेल तर मात्र मागच्या बिजागऱ्यांपासून सुरुवात करावी लागेल, त्याला पर्याय नाही.

उंची सगळ्यात शेवटी. चेकनट (पिन जागेवर आवळून धरणारा नट) ढिला करा, पिनच्या टोकाच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून एका वेळी अर्धाच आटा फिरवा. पिन आत गेली की बॉनेट खाली बसतं आणि घट्ट होतं, बाहेर आली की वर राहतं आणि खडखडतं. खूप घट्ट करायचा मोह होतो पण तोच जोर प्रत्येक वेळी केबलवर येतो आणि एक दिवस ती तुटते. हाताने थोडं दाबून बंद होईल एवढंच ठेवा, चेकनट आवळा.

सेफ्टी कॅच (मुख्य लॉक सुटलं तरी बॉनेट धरून ठेवणारा हूक) तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका हे कळकळीने सांगतोय. या बॉनेटच्या बिजागऱ्या मागे आहेत, वेगात लॉक सुटलं आणि कॅचने धरलं नाही तर ते थेट काचेवर येतं. कॅचचा हूक हाताने हलवून बघा, त्यालाही ग्रीस लावा.

आणि बॉनेट उघडं आहे तोवरच सायकलच्या ब्रेकची एक तार त्या सरकपट्टीला बांधून टाका, दुसरं टोक खालून हात पोचेल पण बाहेरून दिसणार नाही अशा जागी, फॅन आणि सायलेन्सरपासून लांब. पुढच्या वेळी मेन केबल तुटली तर हीच ओढायची.