पिकअपचं इंजिन ऑइल कसं निवडावं: आधी डब्याची मागची बाजू वाचा

"फाइव्ह डब्ल्यू थर्टी टाका, चालतंय." हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो कानावर पडला तरी चिडचिड होते. ५डब्ल्यू-३० हे ऑइलचं नाव नाही, तो फक्त त्याच्या घट्ट-पातळपणाचा आकडा आहे. दुकानातल्या एकाच फळीवर ५डब्ल्यू-३० लिहिलेले तीन डबे असतात आणि त्यातला एखादाच तुमच्या इंजिनासाठी बनलेला असतो. बाकीचे दोन वाईट असतात असं नाही, ते दुसऱ्या इंजिनांचे असतात. हा फरक पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांत नसतो, मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत असतो.

पहिली पायरी: पुस्तिका

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं ऑइलचं पान काढा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा आकडा), स्पेसिफिकेशन (ऑइल कोणत्या प्रकारात बसतं ते सांगणारा संकेत) आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं ते. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन इंजिनं येतात आणि वर्षागणिक स्पेसिफिकेशन बदलतं, म्हणून मित्राच्या त्याच मॉडेलच्या गाडीला काय टाकतात यावर जाऊ नका.

दुसरी पायरी: ग्रेड

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज फिरतं ते सांगतो. ५डब्ल्यूची ही चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. नंतरचा आकडा १०० अंश तापलेल्या ऑइलचा. पुस्तिकेत तापमानानुसार दोन ग्रेड दिल्या असतील आणि तुम्ही ओझं वाहत असाल, ट्रेलर ओढत असाल, तर त्या दोनांतली घट्ट घ्या. पुस्तिकेबाहेरची घट्ट ग्रेड मात्र घेऊ नका. "जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण" हे जुन्या, ढिल्या इंजिनांच्या काळातलं बोलणं आहे. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर, बारीक वाटांमधून चालते. तिथे ऑइल वेळेत पोचलं नाही की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

तिसरी पायरी: स्पेसिफिकेशन

इथे घाई करू नका. मी स्वतः इथेच चुकलो होतो.

माझी डिझेल पिकअप सेकंडहँड घेतलेली, सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली. पुस्तिकेत एसीईए सी३ लिहिलेलं. एसीईए ही युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, ती ऑइलचे प्रकार ठरवते. मी नामांकित कंपनीचं, पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-३० आणलं. ग्रेड जुळत होती, म्हणून मागची बाजू पाहिलीच नाही. तिथे ए३/बी४ लिहिलं होतं. त्या इंजिनाला थोडं ऑइल खायची सवय होतीच, मी तेच ऑइल वरून भरत राहिलो आणि पुढचे तीन ऑइल चेंजही त्याचेच केले.

सुरुवातीला काहीच जाणवलं नाही. मग गाडी बंद करताना पंखा जोरात फिरत असलेला वरचेवर ऐकू यायला लागला, गरम धातूचा वास यायचा, उभ्या गाडीचा आरपीएम थोडा चढलेला दिसायचा. ही सगळी रिजनरेशनची लक्षणं, म्हणजे फिल्टर आपल्यातली काजळी जाळत असल्याची. ते अधूनमधून व्हायलाच हवं. पण दोन रिजनरेशनमधलं अंतर निम्म्यावर आलं आणि शेवटी दिवा लागला. गॅरेजमध्ये संगणक लावून फोर्स्ड रिजनरेशन केलं. दिवा गेला. आठवड्याभरात परत आला. पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं. अखेर फिल्टर उतरवला आणि मिस्त्रीने त्याचं तोंड खाली करून कागदावर ठोकलं. मला वाटलं काळी काजळी पडेल. पडली ती फिकट करडी, पिठासारखी मऊ भुकटी, ओंजळभर.

ती राख होती. काजळी आणि राख यांतला फरक समजला की ऑइलची अर्धी निवड झालीच म्हणून समजा. काजळी डिझेलपासून येते. साधारण ६०० अंशांना ती जळून वायू होऊन जाते. राख येते ऑइलमधून. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक अशा धातूंची रसायनं मिसळलेली असतात; तीच इंजिन स्वच्छ ठेवतात आणि झीज रोखतात. जे थोडं ऑइल सिलिंडरमध्ये जळतं, त्यातले हे धातू राख होऊन फिल्टरमध्ये अडकतात. राख पुन्हा जळत नाही. शंभर वेळा रिजनरेशन करा, ती तिथेच राहते, आणि तिने व्यापलेल्या जागेत काजळीला थारा उरत नाही. म्हणून फिल्टर लवकर भरतो.

आता आकडे बघा. ए३/बी४ प्रकारात सल्फेटेड राख १.६ टक्क्यांपर्यंत चालते. सी३ मध्ये ०.८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. दोन्हींच्या पुढच्या बाजूला तेच ५डब्ल्यू-३०, दोन्ही पूर्ण सिंथेटिक, आणि राख जवळजवळ दुप्पट. म्हणून डीपीएफ असलेल्या गाडीत पुस्तिकेने सी मागितला असेल तर सीच टाका, दुसरं काहीही नको. ए३/बी४ हे वाईट ऑइल नाही. ज्या इंजिनांच्या पुस्तिकेत ते आहे, त्यांना ते उत्तमच आहे.

सी च्या पुढचा आकडाही सोडू नका. सी२ आणि सी३ दोन्ही कमी राखेची, पण १५० अंशांना, भार पडलेला असताना ऑइलचा थर किती जाड टिकतो, याचं माप दोघांत वेगळं आहे. त्याला एचटीएचएस म्हणतात. सी२ साठी ते किमान २.९, सी३ साठी किमान ३.५. सी३ मागणाऱ्या इंजिनात सी२ टाकून चढावर ट्रेलर ओढला, तर बेअरिंगमधला थर हवा त्यापेक्षा पातळ राहतो.

"मोठ्या ट्रकचं १५डब्ल्यू-४० टाका, डिझेल ते डिझेल" असंही लोक सांगतात. हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. त्या डब्यांवर एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, सी-मालिका असते. हा एसीईएचा सी नव्हे. एपीआयमध्ये सी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे पेट्रोल. अक्षर एकच, म्हणून भलेभले इथे फसतात. सीआय-४ हा वर्ग २००२ चा, डीपीएफ सर्रास येण्याआधीचा. राखेवर एक टक्क्याची मर्यादा २००६ च्या सीजे-४ ने आणली, आणि २०१६ च्या सीके-४ मध्ये ती कायम आहे. म्हणजे नव्यातलं नवं सीके-४ घेतलं तरी ०.८ ची अट त्यातून आपोआप पूर्ण होत नाही. तुमच्या पुस्तिकेत सीके-४ लिहिलं असेल तर जरूर टाका, बऱ्याच मोठ्या डिझेल पिकअपना तेच लागतं. त्याच्याबरोबर आलेलं एफए-४ मात्र मुद्दाम पातळ ठेवलेलं ऑइल आहे. पुस्तिकेत ते नावाने लिहिलेलं असेल तरच घ्या.

पेट्रोल पिकअपवाल्यांचं काम सोपं. एस-मालिकेत नवा वर्ग जुन्याच्या जागी चालतो. पुस्तिकेत एसएन असेल तर २०२० चं एसपी बिनधास्त घ्या. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर घ्याच. अशा इंजिनात कमी आरपीएमवर जोर मागितला की कधी कधी ठिणगीआधीच पेट होतो आणि तो धक्का पिस्टन फोडू शकतो. ऑइलमधलं जास्तीचं कॅल्शियम त्याला हातभार लावतं. एसपी वर्गात याची वेगळी चाचणी आहे.

शेवटी गाडीच्या कंपनीचा स्वतःचा क्रमांक. पुस्तिकेत तो असेल तर बाकी सगळ्याच्या वर त्याचा मान. काही इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये बुडून फिरतो. तिथे चुकीच्या ऑइलने बेल्टचं रबर सुटतं आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. डब्यावर हा क्रमांक दिसला की त्याच्या आधीचा शब्द वाचा. "अप्रूव्हड" म्हणजे गाडीच्या कंपनीने ऑइल तपासून मान्य केलंय. "मीट्स" किंवा "सूटेबल फॉर" म्हणजे ऑइल बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर तसं म्हणतोय. वॉरंटी चालू असेल तर मी पहिल्या शब्दाखेरीज कशालाही हात लावत नाही. एपीआयचं गोल चिन्ह असेल तर ते ऑइल खरंच परवानाधारक आहे का, हे एपीआयच्या ऑनलाइन यादीत पाहता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

चौथी पायरी: सिंथेटिक की साधं

स्पेसिफिकेशन जुळलं की हा प्रश्न संपतो.

पाचवी पायरी: किती दिवसांनी बदलायचं

पुस्तिकेत दोन वेळापत्रकं असतात, नेहमीच्या वापराचं आणि कडक वापराचं. ओझं, ट्रेलर, धूळ, तासन्‌तास चालू ठेवलेली उभी गाडी, रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या, यातलं काहीही असेल तर तुमचं वेळापत्रक दुसरं. पिकअप कामाला लावलेली असेल तर ते दुसरंच, असं मी धरून चालतो.

डीपीएफवाल्यांनी आणखी एक सवय लावून घ्या. दर पंधरा दिवसांनी, सपाट जागेवर, थंड इंजिनात डिपस्टिक काढून पाहा. पातळी कमी झाली का, हे सगळेच बघतात. वाढली का, हेही बघा. रिजनरेशनसाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं. रिजनरेशन चालू असतानाच रोज गाडी बंद होत असेल, तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. पातळी कमाल खुणेच्या वर गेली आणि काडीला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर भरायची वाट पाहू नका. ऑइल ताबडतोब बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि पातळी फार चढली तर इंजिन तेच ऑइल इंधनासारखं ओढून स्वतःहून पळू लागतं. मग चावी फिरवूनही ते बंद होत नाही.

ऑइल काळं झालं म्हणून मात्र बदलू नका. डिझेलमध्ये ते लवकर काळं होतं, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवतं. ते त्याचं कामच आहे.

सहावी पायरी: घेणं आणि भरणं

सील तपासा, एक लिटर जास्त घ्या, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा. पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन थोडं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघत बाकीचं भरा. वरून ओतायच्या "इंजिन ट्रीटमेंट"च्या बाटल्या घेऊ नका. ऑइलमधली रसायनं मापात बसवलेली असतात, वरून ओतलं की ते माप बिघडतं.

जुनं ऑइल डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या, गटारात किंवा जमिनीवर कधीच नाही. आणि नवा डबा टाकून देण्याआधी मागच्या लेबलचा फोटो काढा, त्या दिवशीच्या किलोमीटरसकट. मी ते लेबलच कापून पुस्तिकेत ठेवतो. वाटेत कुठे ऑइल कमी पडलं तर दुकानदाराला ग्रेड सांगत बसायची गरज पडत नाही, लेबल पुढे करायचं आणि मागच्या ओळी जुळतात का ते दोघांनी मिळून बघायचं.