आधी आकडा, मग पाना

सातारच्या आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेली पोरं अप्रेंटिस म्हणून आमच्याकडे लागतात, तेव्हा त्यांना इंजिन खोलायची घाई असते. आम्ही त्यांना आधी चाकाचे नट आवळायला लावतो. काहींना ते कमीपणाचं वाटतं. पण नट-बोल्ट नीट कसा बसतो हे ज्याला कळलं, त्याला पुढचं इंजिनचं काम शिकवायला सोपं जातं, हा माझा अनुभव आहे. नट किती जोराने आवळायचा याचा कंपनीने दिलेला आकडा का आणि कसा पाळायचा, हे या लाईनीत नव्याने येणाऱ्यांसाठी म्हणून लिहितोय.

नट आवळतो तेव्हा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो. डोळ्याला दिसत नाही, पण तो लांबतो आणि परत आखडायला बघतो. त्याच ओढीने चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, दाबलं जातं. बारा मिलिमीटरचा स्टड, कोरडे आटे आणि १०० न्यूटन मीटर टॉर्क (पान्याने फिरवण्याचा जोर) असं धरलं, तर एका नटाचा दाब साधारण चार टन येतो. चार नटांचे मिळून सोळा टन, आणि अख्खी छोटी गाडी असते टनभराची! गाडीचं वजन स्टडवर लोंबकळतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. चाक आणि हब एकमेकांवर इतके घट्ट दाबलेले असतात की ते सरकतच नाहीत, भार त्या घर्षणावर पेलला जातो. दाब कमी पडला की चाक केसभर हलायला लागतं, प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि थकून तुटतो. त्यामुळे तुटलेला स्टड हातात आला की लगेच ‘जास्त आवळला होता’ म्हणू नका. सैल राहिलेलाही तुटतोच.

जास्त आवळण्याचा हिशोबही करून बघा. साठ किलोचा माणूस पाव मीटरच्या पान्यावर उभा राहिला तर दीडशे न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क जातो. त्याच पान्याला पाईप घालून लांबी दुप्पट केली की तीनशे. एवढ्या ताणात स्टड कायमचा लांबतो, मूळ जागी येत नाही, आणि त्याची पकड गेलेली असते. हवेची गन तर किती मारतेय हे हाताला कळतच नाही. गन नट काढायला वापरा, फार तर हलकेच टेकवायला. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानेच, म्हणजे आकडा लावला की तेवढ्या जोराला क्लिक देणाऱ्या पान्यानेच.

याचा त्रास आपल्या भागात पटकन दिसतो, कारण घाट. एक नट गच्च आणि शेजारचा सैल असं झालं की ब्रेकची डिस्क हबवर सरळ बसत नाही. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना किंवा कासवरून यवतेश्वरच्या उताराला लागल्यावर ब्रेक तापतात आणि पेडल, स्टेअरिंग थरथरायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतं डिस्क खराब झाली. डिस्क घासून घेतात, महिन्याभरात तेच. अशी गाडी आली की मी पहिल्यांदा विचारतो, ‘काका, एवढ्यात पंक्चर काढलं होतं का?’ बऱ्याचदा उत्तर ‘हो’ असतं, म्हणजे चाक परत लावताना नट कमीजास्त आवळले गेलेले असतात.

आता पद्धत. हबचा आणि चाकाचा एकमेकांना टेकणारा भाग वायर ब्रशने साफ करा. आपल्याकडच्या पावसात तिथे गंज धरतोच, आणि गंजाचा थर पुढे चालताना चुरा होऊन निघाला की दाब गेला. नट हाताने फिरवून बसवा. पहिले काही आटे हाताने फिरले नाहीत तर तिथेच थांबा, आटा चुकीचा लागलाय. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसं. चाक अधांतरी असताना नुसते टेकवून घ्या, मग टायर जमिनीला लागेल इतका जॅक खाली करा आणि दोन टप्प्यांत पूर्ण टॉर्क द्या.

आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, असं मी नव्या पोरांना सारखं सांगतो. आपण जो जोर लावतो त्यातला जवळपास निम्मा नटाच्या बैठकीशी घासण्यात आणि चाळीसेक टक्के आट्यांत जातो. स्टड ताणायला उरतो दहावा हिस्सा. तेलाने घर्षण कमी झालं की तोच आकडा लावूनही ताण तीसएक टक्क्यांनी वाढू शकतो. कंपनीने वेगळं सांगितलेलं नसेल तर चाकाच्या नटाचा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठीच असतो.

आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर सापडेल, पण ‘साधारण’वर काम करू नका. एकक वाचा. काही मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, तिथे १० म्हणजे ९८ न्यूटन मीटर. पान्यावर पौंड-फुटाचीही पट्टी असते. त्या पट्टीवर १०० लावलेत तर १३६ न्यूटन मीटर जातील. अलॉय व्हील बदललं असेल तर नटाची बैठकही बघा. काही नट निमुळते, काही गोलाकार बैठकीचे, काही चपट्या वायसरचे असतात. चुकीचा नट कडेवरच टेकतो, पाना क्लिक देतो आणि चाक मात्र नीट धरलेलं नसतं.

टॉर्क पाना मुठीच्या मधोमध धरायचा, झटका न देता सावकाश ओढायचा. एक क्लिक आली की थांबायचं. खात्रीसाठी दुसरी-तिसरी क्लिक घेणारे खूप, पण प्रत्येक वेळी नट थोडा पुढे जातो. त्याने नट सोडवू नका, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन, म्हणजे पाना बरोबर आकड्याला क्लिक देतो का याची तपासणी, करून घ्यावं. स्वतःचा पाना घेणार असाल तर चाकांसाठी अर्धा इंची, ४० ते २०० न्यूटन मीटरचा चालेल. स्पार्क प्लगला आणि लहान बोल्टना तो कामाचा नाही, त्यांना लहान पाना वेगळा.

बाकीच्या ठिकाणी याच समजेचा उपयोग होतो. ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर ड्रेन प्लग (ऑइल काढायचा बोल्ट) जोरात आवळून आटे गेलेच म्हणून समजा. तिथे नवा वायसर घाला आणि आकड्यावर थांबा. हेडचे (इंजिनच्या वरच्या झाकणासारख्या भागाचे) बोल्ट बऱ्याच इंजिनांत आधी टॉर्कवर आणि मग ठरावीक अंशात फिरवून आवळतात. असे मुद्दाम ताणलेले बोल्ट कंपनी ‘पुन्हा वापरू नका’ म्हणते, तेव्हा ते बदलायचेच. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना पूर्ण आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

चाक लावून गाडी दिली की ५० ते १०० किलोमीटरनंतर परत यायला सांगा. बिलावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं लोक विसरतात. त्या तपासणीत पाना लगेच क्लिक झाला तर गाडी सोडा. नट बराच फिरला तर नुसता आवळून पाठवू नका. चाक उतरवा आणि हबवरचा गंज, रिमवरचा नवा रंग, नटाची बैठक आणि स्टडचे आटे या क्रमाने बघा.