डब्याला रंगीत चिमटा लावा

बॉल पायथन या आफ्रिकेतल्या, पाळल्या जाणाऱ्या बिनविषारी सापाचे चाळीस-पन्नास डबे रॅकवर झाले की कोणी खाल्लं, कोण कात टाकायला आलाय, हे डोक्यात राहत नाही. कागदी चिठ्ठ्या मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणाने गळून पडतात.

कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे रंगीत चिमटे आणा (लोखंडी नकोत, गंजतात). हवेची भोकं सोडून डब्याच्या पुढच्या कडेला लावायचे.

१. निळा: डोळे दुधाळ झाले. खाणं थांबवा, पाणी भरलेलं ठेवा. कात निघाल्यावर डोळ्यांवरची पारदर्शक टोपणंही तिच्यासोबत आली का, ते उजेडात धरून बघा, मगच चिमटा काढा.

२. हिरवा: आज खाल्लं. दोन दिवस हाताळायचं नाही, नाहीतर साप उलटी करतो.

३. लाल: उंदीर नाकारला. पुढच्या वेळीही नाकारला तर दुसरा लाल लावून वजन करा. मीलनाच्या काळात नर बऱ्याचदा आठवडेच्या आठवडे खात नाहीत. वजन टिकून असेल तर घाबरू नका.

बिनचिमट्याच्या डब्यांना फक्त पाणी आणि सफाई. रात्री रॅकचा मोबाइलवर फोटो काढा आणि नोंदवही त्यावरून निवांत भरा. माझ्या मते खरा वेळ इथेच वाचतो.

एक मात्र सांभाळा: बॉल पायथनची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, जन्मलेली पिल्लं आणि मृत्यूही कळवावे लागतात. नाग, घोणस, अजगर यांसारखे आपले साप घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.